एज ऑफ एम्पायर्स २: रेकॉर्डिंग बघून पण कळंना नक्की कुठं हरलो, हरलेली मॅच बघायची कशी?

विश्रामबाग_फ्रँक्स

नमस्कार मंडळी, सांगलीतून लिहितोय. ह्या कॉम्प्युटर गेमच्या डेफिनिटिव्ह एडिशनवर (नवीन आवृत्ती) रँक्ड वन व्ही वन (एकास एक) खेळतो, एलो (खेळाडूचं गुणांकन) हजाराच्या आसपास येऊन थांबलाय, वर गेला की परत खाली येतो. काल रात्री एक मॅच हरलो ती डोक्यातनं जाईना म्हणून विचारतोय.

मॅप अरेबिया, मी फ्रँक्स, समोरचा ब्रिटन्स (ही गेममधली सिव्हिलायझेशन). फ्युडलला (डार्क एजनंतरचं दुसरं युग) १०:५० ला पोचलो, स्टेबल (तबेला) टाकलं, स्काउट (हलके घोडेस्वार) काढले आणि त्याच्या लाकडावर जाऊन त्रास द्यायला लागलो, दोन व्हिलेजर (काम करणारी माणसं) मारले पण. मला वाटलं आपण पुढं आहे. कॅसल एज (तिसरं युग) मला १९:४० ला लागलं, तोवर त्याचे क्रॉसबो (सुधारलेले तिरंदाज) माझ्या गोल्डवर येऊन उभे होते. सहा व्हिलेजर गेले तिथं. तरी मी नाईट (जड घोडेस्वार) काढले, लढलो, पण २८ व्या मिनिटाला मोठी लढाई झाली त्यात माझे सगळे नाईट त्याच्या पाइकमन (भालेवाले) आणि क्रॉसबोनी मारले, ३१ व्या मिनिटाला जीजी (गुड गेम) लिहून बाहेर पडलो.

रेकॉर्डिंग बघितलं तर मला एवढंच दिसतंय की २८ व्या मिनिटाची लढाई चुकीच्या जागी घेतली आणि गोल्डला वॉल नव्हती. पण तेवढंच असेल असं वाटत नाही, कारण अशाच प्रकारे आधी पण हरलोय आणि दर वेळी "पुढच्या वेळी वॉल मारू, लढाई नीट घेऊ" म्हणतो आणि परत तेच होतं. तुम्ही लोक हरलेली मॅच बघता तेव्हा नक्की काय बघता? कुठनं सुरुवात करता? रेकॉर्डिंग इथं टाकलंय, कुणाला वेळ असेल तर बघा, काही बोललात तरी चालेल, राग नाही येणार.

पोवईनाका

भावा रेकॉर्डिंग बघितलं, पूर्ण. सातारकर आहे, शेजारच्यासाठी तेवढं करतोच.

पहिली गोष्ट, २८ वं मिनिट सोडून दे. त्या लढाईच्या वेळी त्याची लोकसंख्या तुझ्यापेक्षा कितीतरी पुढं होती, ती लढाई तू डोंगरावर घेतली असतीस तरी पाच मिनिटांनी तेच झालं असतं. हरलेली मॅच शेवटाकडनं मागं मागं बघत जायची आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचं की इथं दोघं बरोबरीत होते का. नसतील तर अजून मागं. जिथं पहिल्यांदा "हो, इथं बरोबरी होती" असं उत्तर येतं तिथनं पुढची दोन-तीन मिनिटं म्हणजे तुझी मॅच, बाकी सगळं त्याचा परिणाम.

तुझ्या बाबतीत ते १०:५० ते १७:०० आहे. १७:०० ला तू कॅसलचं बटण दाबलंस (रिसर्च १६० सेकंदांचा, म्हणून १९:४०). १०:५० पासून १७:०० पर्यंत ३७० सेकंद होतात, एक व्हिलेजर निघायला २५ सेकंद लागतात, म्हणजे एका टाऊन सेंटरमधनं (टीसी) १४ व्हिलेजर निघायला पाहिजेत. तुझे निघाले ८. मी मोजले. जवळजवळ पावणेतीन मिनिटं टीसी रिकामं बसलंय, एका दमात नाही, थोडं थोडं करत, म्हणून खेळताना तुला जाणवलं नसणार.

आता त्याच्याकडं बघ. त्यानं कॅसल क्लिक केलं १४:३० ला, तेव्हा त्याच्याकडं ३० व्हिलेजर होते. तुझ्याकडं १७:०० ला २९. म्हणजे तो अडीच मिनिटं आधी तिथं पोचला जिथं तू नंतर पण पूर्ण पोचला नव्हतास. आणि त्या अडीच मिनिटांतच क्रॉसबो अपग्रेड करून तो तुझ्या गोल्डवर १८:४० ला आला, तुझं कॅसल लागायला अजून एक मिनिट होतं. वॉल असती तरी काय झालं असतं, ब्रिटन्सच्या क्रॉसबोला कॅसल एजमध्ये एक रेंज (पल्ला) जास्त मिळते, लाकडी वॉलवरनं मारले असते त्यानं.

हळदपेठ

ब्रिटन्स अरेबियावर आहेतच तसे, आर्चर लाईन जमली की अवघड जातं. पण पोवईनाका म्हणतायत ते बरोबर, टीसी रिकामं ठेवून कुठल्याच सिव्हिलायझेशनशी जमणार नाही.

मिरज_जंक्शन

पोवईनाका, तुमचा हिशोब बरोबर आहे पण "टीसी रिकामं ठेवू नको" हे वाक्य प्रत्येक हजार एलोवाल्याला पाठ असतं, तरी टीसी रिकामं राहतंच. मला वाटतं ते का राहिलं हे शोधल्याशिवाय ओपीचा (पहिली पोस्ट टाकणाऱ्याचा) प्रश्न सुटत नाही. म्हणून मी पण रेकॉर्डिंग लावलं आणि फक्त वरची रिसोर्सची पट्टी बघत बसलो, लढाई बघितलीच नाही.

१५:०० ला थांबवा आणि बघा. फूड ३५, लाकूड ६४०. सगळी मॅच तिथं लिहिलेली आहे.

व्हिलेजरला ५० फूड लागतं. स्काउटला ८० फूड लागतं, दुसरं काही लागत नाही. म्हणजे टीसी आणि स्टेबल दोघं एकाच ताटातलं जेवतायत. ओपीचं स्टेबल ११:४० पासून १६:१० पर्यंत एकदाही थांबलेलं नाही, ९ स्काउट काढले, म्हणजे ७२० फूड तिकडं गेलं. कॅसलला ८०० फूड आणि २०० गोल्ड लागतं हे लक्षात घ्या म्हणजे ७२० किती मोठा आकडा आहे ते कळेल. आणि त्याच वेळी फार्म होते सहा. मेंढरं संपली, रानडुकरं संपली, बेरी संपत आल्या, आणि फूड फक्त सहा फार्मवरनं येतंय. फार्मला ६० लाकूड लागतं, ६४० लाकडात दहा फार्म झाले असते! वर फ्रँक्सला फार्मचे अपग्रेड मिलमध्ये आपोआप फुकट मिळतात, बाकीच्यांना हॉर्स कॉलर ह्या फार्मच्या अपग्रेडला ७५ फूड ७५ लाकूड मोजावं लागतं. फार्मसाठी एवढं सोयीचं सिव्ह घेऊन फार्मच नाहीत.

एक माणूस फार्मवर मिनिटाला साधारण २० फूड आणतो. जे सहा व्हिलेजर निघालेच नाहीत ते मिनिटाला १२० फूड होतं. म्हणून ओपीला कॅसल उशिरा लागलं. लढाई, वॉल, जागा हे सगळं नंतरचं.

तर माझं म्हणणं असं की हरलेली मॅच बघताना सैन्यावरनं नजर काढायची. एकदा फक्त पट्टी बघायची, जो रिसोर्स ढीग लागून पडलाय आणि जो शून्याला टेकलाय त्या दोघांची नावं लिहायची आणि तसं कधीपासून झालं ते मिनिट लिहायचं. बहुतेक मॅचचं उत्तर एवढ्यात निघतं, निदान आपल्या लेव्हलला.

विश्रामबाग_फ्रँक्स

बाप रे. ६४० लाकूड! मी दर वेळी रेकॉर्डिंग लावून स्काउटच्याच मागं फिरत होतो, खेळताना जिथं बघत होतो तिथंच परत बघत होतो, म्हणून मला तेच तेच दिसत होतं. पट्टीकडं बघायचं सुचलंच नाही.

एक विचारतो मिरज दादा, स्काउट काढायचेच नव्हते का मग? कारण फ्रँक्सनी स्काउट हे सगळेच सांगतात.

मिरज_जंक्शन

काढायचे. फ्रँक्सला ब्लडलाईन्स (घोडदळाचा एचपी वाढवणारं अपग्रेड) नाही पण घोडदळाला फ्युडलपासून २० टक्के जास्त एचपी (जीव) आहे, तुमचे स्काउट चांगलेच आहेत. पण पाचवर थांबायचं, आणि भालेवाला दिसला की तिथनं निघायचं. स्पिअरमनला घोड्यावर १५ जास्त अटॅक आहे आणि तो पडतो फक्त ३५ फूड २५ लाकडाला. तुमच्या ८० फूडसमोर त्याचे ३५. तो सौदा कितीही मायक्रो केला (एकेक सैनिक हातानं सांभाळला) तरी तुमच्या बाजूचा होत नाही.

पोवईनाका

पाचवर थांबायचं हे मला पटत नाही, मी सात-आठ पण काढतो जर समोरच्यानं वॉल उशिरा मारली असेल तर, कारण त्याला त्याच्या घरात अडकवून ठेवणं यात पण फायदा आहे, तो आकड्यात दिसत नाही. पण सात-आठ काढायचे असतील तर त्याच वेळी मागं फार्म पडत राहिले पाहिजेत, त्याबद्दल वाद नाही. स्टेबल चालू आणि टीसी बंद अशी वेळ आली की स्टेबल बंद करायचं, टीसी नाही. एवढा एक नियम धर.

कृष्णाकाठ_बुद्धिबळ

मी हा गेम तुमच्याइतका खेळत नाही, जुना १९९९ चा मूळ गेम कॉलेजात खेळलो आणि आता मुलाबरोबर नवीन खेळतो. पण प्रश्न वाचून लिहावंसं वाटलं कारण "हरलेला डाव बघायचा कसा" ह्या प्रश्नावरच माझं लहानपण गेलंय.

सांगलीत बुद्धिबळ म्हटलं की भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ, हे ओपीला सांगायला नको. उन्हाळ्यात स्पर्धा असायच्या, आम्ही पोरं तिथं खेळायचो. तिथं लागलेली सवय म्हणजे प्रत्येक चाल लिहायची, आणि डाव संपला की पट पुन्हा मांडून दोघांनी मिळून डाव बघायचा, जिंकणारा आणि हरणारा दोघं. त्यात मोठी माणसं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायची, "ही चाल केलीस तेव्हा तुला काय वाटत होतं?" चाल चूक की बरोबर हे नंतर. कारण चाल चूक आहे हे पटावर दिसतं, पण ती चाल कुठल्या समजुतीतनं आली हे फक्त खेळणाऱ्यालाच माहीत असतं, आणि समजूत तशीच राहिली तर पुढच्या डावात ती दुसऱ्या रूपात परत येते.

ओपीनं पहिल्या पोस्टमध्ये एक वाक्य लिहिलंय, "दोन व्हिलेजर मारले, मला वाटलं आपण पुढं आहे." माझ्या मते मॅच त्या वाटण्यात आहे. तुम्हाला आपण पुढं आहोत असं वाटत होतं म्हणून तुम्ही तेच करत राहिलात, आणखी स्काउट, आणखी स्काउट. आपण मागं पडतोय हे कळलं असतं तर हात आपोआप घराकडं वळला असता. तेव्हा रेकॉर्डिंग बघताना वहीत दोन रकाने करा, एकात "मला काय वाटत होतं" आणि दुसऱ्यात "खरं काय होतं". रेकॉर्डिंग बघायच्या आधी पहिला रकाना भरा, आठवणीतनं, कारण एकदा खरं दिसलं की आपल्याला आधी काय वाटत होतं ते माणूस विसरतो.

आणि अजून एक. बुद्धिबळात सगळा पट दोघांना दिसतो, ह्या गेममध्ये काळोख आहे, समोरच्याचं दिसत नाही. म्हणून इथं डाव त्याच्या बाजूनं बघणं बुद्धिबळापेक्षा जास्त गरजेचं आहे. रेकॉर्डिंगमध्ये त्याची नजर लावता येते, तो काय बघत होता, त्याला तुमचं काय कधी दिसलं, हे बघा. आपण खेळताना समोरच्याला एक तर फार हुशार समजतो नाही तर फार घाबरलेला, दोन्ही तपासून घ्यायचं.

हळदपेठ

हे रकान्याचं लई भारी आहे. करून बघणार.

कांदीपेढा_४१५

सगळं बरोबर आहे पण मी थोडं वेगळं सांगतो, वेळ कुणाकडं आहे एवढा. कामावरनं येऊन रात्री एक मॅच होते, त्यात ती हरली तर अर्धा तास परत तीच बघत बसायची? मी फक्त मॅच संपल्यावर जो टाइमलाईनचा आलेख येतो तो बघतो, दोघांच्या पट्ट्या कुठं लहानमोठ्या व्हायला लागल्या ते मिनिट लक्षात ठेवतो आणि झोपतो. आणि आठवड्यातनं कधीतरी गेममधल्याच आर्ट ऑफ वॉर ह्या सरावातलं अर्ली इकॉनॉमी आणि बूमिंगवालं (इकॉनॉमी झपाट्यानं वाढवायचं) चॅलेंज खेळतो, गोल्ड मेडल मिळेपर्यंत. टीसी रिकामं न ठेवायची सवय तिथं लागते, समोर कुणी मारायला येत नाही त्यामुळं डोकं शांत असतं.

पोवईनाका

कांदीपेढा, तुमचं पण चुकीचं नाही, पण आर्ट ऑफ वॉरमध्ये कुणी मारायला येत नाही हीच तर अडचण आहे. ओपीचं टीसी डार्क एजमध्ये फारसं रिकामं नाही, पाऊण मिनिट असेल. रिकामं पडलं ते स्काउट बाहेर गेल्यावर. शांतपणे टीसी चालवता येतं त्याला, दुसरीकडं लक्ष असताना येत नाही. ती सवय वेगळी, ती मॅचमध्येच लागणार.

ओपी, मी काय केलं ते सांगतो, उपयोग झाला तर बघ. स्काउटला कुठंही जायची ऑर्डर दिली की लगेच एच दाबायचं, टीसी सिलेक्ट होतं, क्यू (निघणाऱ्यांची रांग) बघायची, एक व्हिलेजर लावायचा, परत स्काउट. स्काउट चालत असताना बघत बसायचं नाही, ते चालणारच आहेत. सुरुवातीला स्काउट मरतात, मरू दे. पाच-पाच व्हिलेजर एकदम लावून ठेवायचे पण नाहीत, कारण क्यूमध्ये लावले की २५० फूड तिथंच अडकतं आणि मग कॅसलला कमी पडतं. एक निघतोय आणि एक मागं, बास.

फार्मचं तसंच, स्काउटला पाठवायच्या आधीच शिफ्ट दाबून टीसीभोवती एका व्हिलेजरला तीन-चार फार्म मांडून ठेव, तो बांधत बसेल. लाकूड १२० च्या वर दिसलं आणि हातात काही बांधायचं नसेल तर दोन फार्म, विचार करायचा नाही.

विश्रामबाग_फ्रँक्स

आत्ता रेकॉर्डिंग त्याच्या नजरेनं बघितलं, आधी वहीत लिहून. सगळ्यांना सांगतो काय दिसलं ते.

माझ्या रकान्यात मी लिहिलं होतं, "१२ ते १६ मिनिटं, समोरचा घाबरलाय, त्याचं लाकूड बंद पाडलंय, तो कॅसलला उशिरा जाणार." खरं काय तर त्याच्या स्काउटनं माझं स्टेबल बांधत असतानाच बघितलं होतं. तो स्काउट माझ्या घराशेजारनं गेला तेव्हा मी त्याच्याकडं लक्ष पण दिलं नव्हतं. तिथनं त्यानं लगेच बॅरॅकमध्ये स्पिअरमन लावले, फक्त तीन. माझे स्काउट लाकडावर पोचले तेव्हा त्यानं चार व्हिलेजर उचलून थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या झाडांवर नेले आणि तिथं काम सुरू. काही सेकंदांचं काम. मला वाटत होतं मी त्याचं लाकूड बंद पाडलंय, ते बंद झालंच नव्हतं. आणि त्या पूर्ण वेळात त्याच्या टीसीची क्यू एकदा पण रिकामी नाही. मी त्याच्या लाकडावर असताना त्याचं लक्ष आपल्या टीसीवर होतं, माझ्या टीसीवर कोणाचंच नव्हतं.

हिशोब पण केला. त्याचे दोन व्हिलेजर मारले, १०० फूडचे. त्यापायी माझे पाच स्काउट त्या तीन भालेवाल्यांनी आणि टीसीच्या बाणांनी मारले, ४०० फूड. हे बघितल्यावर बराच वेळ गप्प बसलो. २८ व्या मिनिटाची लढाई मी किती वेळा बघितली होती आणि इकडं एकदा पण नाही.

आता एक अजून अडतंय. समजा सगळं नीट केलं, तरी तो क्रॉसबो घेऊन येणारच, माझं कॅसल त्याच्या बरोबर लागलं तरी पहिले नाईट निघेपर्यंत काय करायचं?

मिरज_जंक्शन

चांगलं बघितलंत. हे बघितलंत म्हणजे निम्मं काम झालं असं म्हणणार नाही, पण आता काय बदलायचं ते तरी नक्की झालं.

क्रॉसबोचं उत्तर: फ्युडलमध्ये त्यानं आर्चरी रेंज (तिरंदाज काढायची इमारत) टाकलेली दिसली की तुम्ही पण एक टाका आणि चार-पाच स्कर्मिशर (तिरंदाजांविरुद्धचे भालाफेके) काढून ठेवा. २५ फूड ३५ लाकूड, गोल्ड नाही. तुमच्याकडं लाकूडच तर पडून होतं. ते क्रॉसबोला मारतील म्हणून नाही, तो सरळ चालत गोल्डवर येणार नाही म्हणून. गोल्डवरच्या माणसांना ते येताना दिसले की थांबवू नका, उचला, घरी आणा, माणसं राहिली तर गोल्ड परत काढता येतं. नकाशावर त्याचे लाल ठिपके दिसण्यासाठी दोन घरं त्याच्या येण्याच्या वाटेवर बांधा, घर बांधायचंच असतं, २५ लाकडात नजर पण मिळते. मग नाईट आले की ब्लॅकस्मिथमध्ये घोड्याचं चिलखत आधी, स्केल बार्डिंग १५० फूडचं, ते तुम्ही ह्या मॅचमध्ये अख्ख्या ३१ मिनिटांत घेतलेलंच नाही, आत्ता परत बघताना दिसलं.

पण हे सगळं एकदम करू नका. पुढच्या मॅचला फक्त स्टेबल-टीसीचा तो नियम आणि फार्म. स्कर्मिशर नंतर. एकदम चार गोष्टी बदलल्या तर हरल्यावर कशानं हरलो आणि जिंकल्यावर कशानं जिंकलो दोन्ही कळत नाही.

कृष्णाकाठ_बुद्धिबळ

मिरजकरांच्या शेवटच्या मुद्द्याला माझं अनुमोदन. आणि जिंकलेली मॅच पण अशीच बघा ओपी, दोन रकाने करून. जिंकलेल्या मॅचमधल्या चुकीच्या समजुती कुणी तपासत नाही, त्या जास्त दिवस टिकतात.

पोवईनाका

आणि रेकॉर्डिंग लगेच बघत जा, पॅच आला की जुनी रेकॉर्डिंग बऱ्याचदा उघडत नाहीत.

विश्रामबाग, रविवारी रात्री ९ नंतर मी ऑनलाईन आहे. मी ब्रिटन्स घेतो आणि त्यानं केलं तेच करतो, तीन स्पिअर, मग आर्चर, १४:३० च्या आसपास कॅसल. तू फ्रँक्स घे. मधे मी काही बोलणार नाही, संपल्यावर दोघं मिळून बघू. लॉबीचा पासवर्ड मेसेजमध्ये पाठवतो.

विश्रामबाग_फ्रँक्स

नक्की दादा. ९ ला येतो.

हळदपेठ

मला पण बघायला घ्या, स्पेक्टेटर म्हणून.